मातीचं तेल: साठा किती, झिरा किती

शेजारच्या मुलाची बारावी झाली. प्रवेशाच्या यादीत त्याला पेट्रोलियम अभियांत्रिकीची जागा मिळतेय आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. माझा उभा जन्म याच कामात गेला हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याने मला लिहून विचारलं: "काका, जमिनीखाली तेलाचं तळं असतं का? ते तिथे आलं कुठून? तेल तीस-चाळीस वर्षांत संपेल असं माझ्या पुस्तकात होतं, बाबांच्याही पुस्तकात तेच होतं. मग ते संपत का नाही? नागपूरच्या आजूबाजूला एवढा कोळसा निघतो, मग तेल का नाही? आणि संपणारच असेल तर मी या शाखेत जाऊ का?"

बेटा, कोळशाच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो आपल्या पायाखालचा आहे.

सीताबर्डीच्या टेकडीवर उभा राहिलास तर पायाखाली काळा पाषाण असतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचा हा बेसाल्ट तयार झाला. त्याची पूर्वेची कड आपल्या शहरापाशीच संपते. कामठीकडे निघालास की दगड बदलतो. तिथे त्याहून कितीतरी जुना, लालसर-पिवळा वालुकाश्म लागतो, आणि त्या पट्ट्यात खोलवर कोळशाच्या शिरा. हा गोंडवन काळातला कोळसा, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे दलदलीची जंगलं होती. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे अजूनही या खडकांत सापडतात. झाडं पडली, पाण्याखाली दबली, वर गाळ साचला, कोळसा झाला. कोळसा घन आहे, जिथे झाला तिथेच पडून राहतो. शिर सापडली की खणत जायचं. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात टाकळीच्या आणि आसपासच्या खडकांतून जीवाश्म गोळा करत हिंडायचे. या भागाच्या जमिनीचा इतिहास वाचायला पहिल्यांदा बसलेल्या माणसांपैकी ते एक. इथे शिकायचं ठरवलंस तर आधी हे खडक पायी फिरून बघ, एवढं माझं सांगणं.

तेलाची भट्टी वेगळी असते. तेल मुख्यतः पाण्यातल्या सूक्ष्म जिवांपासून होतं. शेवाळ आणि प्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव. डायनासोरचं तेल होतं हा गैरसमज मनातून काढून टाक. हे जीव मरून समुद्राच्या किंवा मोठ्या सरोवराच्या तळाशी पडतात. बहुतेक वेळा ते कुजून किंवा खाल्ले जाऊन नाहीसे होतात. पण तळाशी प्राणवायू नसेल तर कुजणं अर्धवट राहतं आणि ते बारीक चिखलात मिसळून दबतात. वर आणखी गाळ, आणखी गाळ. चिखलाचा शेल खडक होतो आणि आतल्या सेंद्रिय भागाचा मेणासारखा घट्ट पदार्थ होतो, त्याला केरोजेन म्हणतात.

आता आच हवी. खोल जावं तसं तापमान वाढतं, बहुतेक ठिकाणी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. ६० अंशांच्या आसपास केरोजेन फुटून तेल व्हायला लागतं, १२० ते १५० अंशांच्या पुढे गेलं की तेलही फुटून वायू होतो. म्हणजे साधारण दोन ते चार किलोमीटर खोलीचा एक पट्टा आहे, त्याला आम्ही ऑइल विंडो म्हणतो. खडक त्याच्या वर राहिला तर कच्चा, खाली गेला तर करपला. आणि त्या पट्ट्यात त्याला लाखो वर्षं राहावं लागतं. आपल्याकडच्या कोळशाच्या जंगलांतून प्रामुख्याने वायू सुटतो, तेल फारसं नाही. पण निसर्ग आपल्या पुस्तकाप्रमाणे वागायला बांधलेला नाही. वरच्या आसामातल्या तेलात कोळशाच्या थरांबरोबरच्या शेलचा मोठा वाटा आहे.

तर तेल तयार झालं. पण ते तिथेच राहत नाही. कोळसा आणि तेल यांतला खरा फरक हाच आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि जमिनीखालचे जवळजवळ सगळे खडक पाण्याने भरलेले असतात. त्यामुळे तेल वर सरकायला बघतं. छिद्रातून छिद्रात, भेगेतून भेगेत, वर्षाला अगदी नगण्य अंतर, पण लाखो वर्षं. वाटेत कुणी अडवलं नाही तर ते पृष्ठभागावर येतं, उडून जातं, किंवा त्याचं डांबर होतं. जगात तयार झालेल्या तेलापैकी बहुतांश असंच वाया गेलं असणार. जे अडलं तेच आपल्याला मिळतं. अडवायला दोन गोष्टी लागतात: तेल साठवणारा सच्छिद्र खडक आणि त्याच्यावर झाकण, म्हणजे ज्यातून काहीच पुढे जाणार नाही असा शेल किंवा मिठाचा थर. आणि त्या झाकणाचा आकार पालथ्या वाटीसारखा हवा.

तळं असतं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. नसतं. माठ घे. उन्हाळ्यात आपल्या घरी माठ झिरपतो म्हणून पाणी गार होतं. माठाची भिंत हाताला घट्ट लागते, पण ती छिद्रांनी भरलेली असते आणि ती छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. तेलाचा खडक तसाच. चांगल्या वालुकाश्मात शंभर भागांपैकी वीस-पंचवीस भाग पोकळी असते आणि तेल त्या केसाएवढ्या पोकळ्यांत असतं. पोकळी किती याला आम्ही पोरॉसिटी म्हणतो. ती एकमेकांना जोडलेली किती, म्हणजे त्यातून वाहणं किती सोपं, याला पर्मिॲबिलिटी. ती मोजायचं एकक डार्सी. फ्रान्समधल्या दिजों शहराचे पाणीपुरवठ्याचे अभियंता हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या गाळणीतून पाणी किती वेगाने जातं याचे प्रयोग मांडले, आणि आजही तेलाच्या विहिरीचं गणित तिथूनच सुरू होतं. जुना माठ पाणी गार करत नाही हे तू आजीकडून ऐकलं असशील. क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात. तेलाच्या विहिरीचंही नेमकं हेच होतं, आणि मग ॲसिड सोडून ती धुवावी लागते.

मी १९७९ मध्ये नागपूरच्या एलआयटीतून, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून, केमिकल इंजिनिअरिंग करून बाहेर पडलो आणि समुद्रातल्या तेलक्षेत्रावर गेलो. जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस घरी. पहिल्यांदा कोअर हातात घेतला तो क्षण मला अजून आठवतो. खोलवरून कापून आणलेला चुनखडीचा दंडगोल. मला वाटलं होतं तेल निथळत असेल. हात जेमतेम ओशट झाला. रॉकेलसारखा वास, आणि दगड. सोबतचे वरिष्ठ म्हणाले, "हेच ते. देश यावर चालतो." त्या दिवसापासून तळ्याचं चित्र माझ्या डोक्यातून गेलं.

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, समुद्रात खोदकाम करणाऱ्या ओएनजीसीच्या सागर सम्राट या रिगवरून खोदलेल्या विहिरीत. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. तिथल्या तेलाचा खडक चुनखडीचा आहे. आणि तुला आवडेल अशी एक गोष्ट: त्या सगळ्या गाळाच्या खडकांच्या तळाशी बऱ्याच भागात आपलाच दख्खनचा बेसाल्ट आहे. फरक इतकाच की तिथे लाव्हा थंड झाल्यावर जमीन खचली, समुद्र आत आला, कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहिला आणि तो हव्या तेवढ्या आचेपर्यंत खाली गेला. आपल्याकडे लाव्हावर तसा समुद्र कधी पसरला नाही. गुजरातमध्ये वडोदऱ्याजवळ पादरा इथे तर खुद्द या काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये तेल सापडलं आहे. ते तेल पाषाणाचं नव्हे. शेजारच्या खंबात खोऱ्यातल्या शेलमध्ये झालं आणि भेगा मिळाल्या म्हणून तिथे शिरलं. तेल जिथे सापडतं तिथे ते जन्मलेलं असतंच असं नाही. बेसाल्टच्या जाड थरांखाली आणखी काय आहे हे बघणं मात्र कठीण आहे. खाली पाठवलेल्या कंपनलहरी त्या थरांमध्येच विखुरतात आणि चित्र धूसर येतं.

आमच्या आजी रॉकेलला मातीचं तेल म्हणायच्या. विदर्भात अजूनही जुनी माणसं म्हणतात. पेट्रोलियम या लॅटिन शब्दाचा अर्थही दगडाचं तेल असाच आहे. मला हे दोन्ही शब्द "खनिज तेल" या शब्दापेक्षा जास्त खरे वाटतात.

आता ते वागतं कसं ते सांगतो, कारण टंचाईचं सगळं गणित तिथे आहे.

खाली तेलावर प्रचंड दाब असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीसारखा. विहीर खोदली की दाब सुटतो, वायू फुगतो आणि तेलाला ढकलत वर आणतो. म्हणून सुरुवातीला विहिरी आपोआप वाहतात. पण घाईने उपसलं, दाब एका मर्यादेखाली गेला, की वायू खडकातच सुटा होतो, तो हलका असल्यामुळे पुढे पळून जातो आणि तेल मागे राहतं. वायू निघून गेलेलं तेल घट्टही होतं. हावरटपणे उपसून चांगलं क्षेत्र कायमचं अधू करता येतं. निसर्गाच्या दाबावर, खाली जेवढं आहे त्याचा बऱ्याचदा दहावा हिस्सा, फार तर पाचवा हिस्सा वर येतो. मग आजूबाजूच्या विहिरींतून पाणी सोडून तेल ढकलायचं. याने जगभरातली सरासरी साधारण एक तृतीयांशाच्या थोडी पुढे जाते. उरलेलं दोन तृतीयांश खालीच.

का? तेलाने माखलेलं भांडं नुसत्या पाण्याने विसळून बघ. पाणी वाहून जातं, ओशटपणा राहतो. खडकात पाणी आपली सोपी वाट शोधतं, मोठ्या छिद्रांतून सुसाट निघून जातं आणि बारीक छिद्रांतले तेलाचे थेंब केशाकर्षणाने अडकून बसतात. यावर उपाय म्हणून पाण्यात पॉलिमर घालून ते पातळ कांजीसारखं करतात, म्हणजे ते धावत सुटत नाही, सगळीकडून सारखं सरकतं. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात हे मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. काही ठिकाणी साबणासारखी रसायनं सोडतात, काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड. प्रत्येक उपाय खर्चिक, आणि प्रत्येकाने मिळतात ते थोडे टक्के. जुन्या क्षेत्रातल्या विहिरीतून शंभर लिटर वर आलं तर त्यात ऐंशी-नव्वद लिटर पाणीच असतं. लोकांना वाटतं आम्ही तेल काढतो. उतारवयातल्या क्षेत्रावर आम्ही मुख्यतः पाणी काढतो, वेगळं करतो आणि परत खाली सोडतो.

सगळी तेलं सारखी नसतात. मुंबई हायचं तेल हलकं, गंधक कमी, म्हणून त्याला गोडं तेल म्हणतात. पण त्यात मेण खूप. ३० अंशांच्या आसपास ते थिजायला लागतं. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली जशी गोठते तसं. समुद्रतळाच्या पाइपलाइनमध्ये हे मेण भिंतींना धरतं, म्हणून आतून पिग नावाचा खरवडणारा गोळा सोडावा लागतो. एकदा आमच्याकडची एक लाइन पिग उशिरा सोडल्यामुळे जवळजवळ बसली होती. दोन दिवस गरम तेल फिरवून ती मोकळी केली, ते दोन दिवस कुणी झोपलं नाही. मंगलाचं तेल तर ४० अंशांच्या वरच धड वाहतं, म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची जवळपास ६७० किलोमीटरची पाइपलाइन सतत तापवत ठेवावी लागते. दुसऱ्या टोकाला व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल, इतकं जड की पाण्यातही बुडू शकेल. ते वाहतं करायला पातळ तेल मिसळावं लागतं.

रिफायनरीतही तेल आपल्या मर्जीने चालत नाही. तापवलं की आधी गॅस सुटतो, मग पेट्रोलचा भाग, मग रॉकेल आणि विमानाचं इंधन, मग डिझेल, शेवटी तळाला डांबर. कुठल्या तेलातून काय किती मिळेल हे बरंचसं ते तेल कुठलं आहे यावर ठरतं. जड भाग तोडून हलका करता येतो, पण त्याला महागडी यंत्रं लागतात. म्हणून "दुसरीकडून घेऊ" इतकं ते सोपं नसतं. एका तेलासाठी बांधलेल्या रिफायनरीत दुसरं तेल ओतलं तर उत्पादन बिघडतं.

तू नागपूरचा आहेस म्हणून उन्हाचंही सांगतो. माझ्या मावसभावाचा वर्धा रोडवर पंप होता. मे महिन्यात दरवेळी टँकर कमी भरतो म्हणून तो चिडायचा, ड्रायव्हरशी भांडायचा. मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. भर दुपारी ४२ अंशांचं १२,००० लिटर पेट्रोल भरलं आणि पहाटे ३२ अंशांवर उतरवलं, तर १२० लिटर कमी दिसणार. चोरी न होता. म्हणून तर पंपावर घनता मोजून ती १५ अंशांवर आणून ताडून बघायची असते. सकाळी थंड वेळेत पेट्रोल भरलं की जास्त मिळतं ही समजूत मात्र खरी नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने पावसाळ्यात एक नवी काळजी आणली आहे. टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं आणि तळाशी वेगळा थर होतो. झाकणाची रबरी सील पावसाआधी बदलायलाच हवी.

आणि पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात, नालीत, तळघरात साचते आणि उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते. कॅनमध्ये पेट्रोल भरून घरात ठेवणारी माणसं आजही आपल्या शहरात आहेत, उन्हाळ्यात तर माझा जीव खालीवर होतो. देशभरातल्या पेट्रोलच्या साठवणुकीचे परवाने आणि सुरक्षेचे नियम ज्या पेसो संस्थेकडे आहेत तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. ते नियम अपघातांतून शिकूनच लिहिलेले आहेत.

आता संपण्याचं. तुझ्या बाबांचं पुस्तक खोटं बोलत नव्हतं. १९८० मध्ये जगाचा सिद्ध साठा सुमारे ६८,००० कोटी बॅरल मानला जायचा. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. तेव्हाच्या खपाने भागलं तर ३० वर्षं. म्हणजे २०१० च्या सुमारास संपायला हवं होतं. १९८० नंतर जगाने त्या साठ्याच्या दीडपटीहून जास्त तेल जाळलं, आणि आज सिद्ध साठा आहे सुमारे १.७ लाख कोटी बॅरल. आजचा खप दिवसाला १० कोटी बॅरलच्या थोडा वर. भागाकार केला तर पुन्हा ४५-५० वर्षं येतात.

हे कसं? "सिद्ध साठा" म्हणजे जमिनीखाली आहे तेवढं तेल नव्हे. आजच्या भावात, आजच्या तंत्राने काढायला परवडेल एवढंच तेल. भाव वाढला, तंत्र सुधारलं की तोच दगड साठ्यात मोजला जातो. शिवाय कागदही असतो. १९८० च्या दशकात ओपेकमध्ये, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेत, उत्पादनाचा वाटा साठ्याशी जोडण्याची चर्चा सुरू झाली आणि अनेक सदस्य देशांचे साठे एकाएकी वाढले, मोठे नवे शोध न लागता. म्हणून साठ्याचा आकडा मी तरी सावधपणे वाचतो.

मी तुला शेतकऱ्याच्या नजरेने बघायला सांगेन. काटोलकडे संत्र्याची बाग बघायला जा. बागवाल्याला विहिरीत पाणी किती असं विचारलंस तर तो आधी झिरा सांगेल, म्हणजे उपसल्यावर पाणी किती वेगाने परत भरतं ते. मोटर दोन तास चालते, मग विहीर बसते, पुन्हा भरायला रात्र लागते. मेमध्ये बाग जगते ती झिऱ्यावर. विहिरीच्या आकारावर नाही. तेलाचं अगदी तसंच आहे. जगाला रोज १० कोटी बॅरल हवेत, आज, उद्या, परवा. प्रश्न साठ्यापेक्षा झिऱ्याचा आहे, आणि त्या झिऱ्याला लागणाऱ्या कष्टाचा.

व्हेनेझुएलाकडे कागदावर जगातला सर्वांत मोठा साठा आहे, सुमारे ३०,००० कोटी बॅरल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो देश दिवसाला ३० लाख बॅरलच्या वर काढत होता. २०२० पर्यंत हे उत्पादन १० लाखांच्याही खाली गेलं. साठा कुठेही गेला नव्हता. पैसा, माणसं, यंत्रं, पातळ तेल, निर्बंध, सगळ्यांनी मिळून झिरा आटवला.

उलट अमेरिका. मॅरियन किंग हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि उतरेल. १९७० मध्ये ते तसंच झालं, दिवसाला ९६ लाख बॅरल, आणि २००८ पर्यंत ५० लाखांवर आलं. लोक म्हणाले संपलं. मग आडव्या विहिरी आणि उच्च दाबाने खडक फोडण्याचं तंत्र एकत्र आलं. जिथे तेल जन्मतं तो शेलच फोडला. २०२३ मध्ये अमेरिका दिवसाला १.३ कोटी बॅरलच्या जवळ होती. हबर्टचं चुकलं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या जातीच्या तेलाबद्दल तो बोलत होता त्याचा उतार त्याने बरोबर ओळखला. पुढे आलं ते वेगळं, महागडं तेल. शेलच्या विहिरीचा झिरा पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतो. म्हणजे उत्पादन आहे तिथेच ठेवायलाही सतत नव्या विहिरी खोदत राहायचं. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकला २१ मीटरवर तेल लागलं होतं. आज ब्राझीलच्या समुद्रात दोन किलोमीटर पाणी आणि त्याखाली पाच किलोमीटर खडक आणि मीठ भेदून जावं लागतं. जगात नव्या तेलाचे शोध १९६० च्या दशकात सर्वाधिक लागले, आणि १९८० च्या दशकापासून बहुतेक वर्षी आपण शोधतो त्यापेक्षा जास्त जाळतो. सौदी अरेबियाचं घवार १९४८ मध्ये सापडलं, २८० किलोमीटर लांब. तसं दुसरं अजून कुणाला मिळालेलं नाही. स्वस्त तेल सापडण्याचे दिवस गेले, हे मी बिनदिक्कत सांगतो.

आणि आपल्यापर्यंत पोचणारी टंचाई बहुतेक वेळा भूगर्भाची नसतेच. १९७३ मध्ये मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. अरब देशांनी पुरवठा रोखला, बॅरलचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. आम्हाला डॉलर कळत नव्हते, रेशनच्या दुकानापुढे मातीच्या तेलाचे डबे रांगेत ठेवलेले तेवढे कळत होते. आईने स्टोव्ह बंद करून पुन्हा चूल मांडली. खाली तेल तेवढंच होतं. १९७९ मध्ये इराणची क्रांती, १९९० मध्ये कुवेतवरचा हल्ला, त्या वेळी तर आपलं परकी चलन संपत आलं. २०२४ मध्येही जगाच्या खपाचा जवळपास पाचवा हिस्सा इराणजवळच्या होर्मुझच्या एका अरुंद सामुद्रधुनीतून जात होता. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. देशातलं उत्पादन २०११-१२ मधल्या ३.८ कोटी टनांवरून २०२३-२४ मध्ये २.९ कोटींवर आलं, आणि मुंबई हायसारखी जुनी क्षेत्रं उतारावर आहेत. स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून जास्त भाग आयात. पंपावरचं पेट्रोल परवा कुठल्या सामुद्रधुनीतून आलं याचा विचार नागपूरच्या मधोमध झीरो माइलपाशी उभं राहून कुणी करत नाही, पण समुद्रापासून इतके लांब असलेल्या आपण तो जास्त करायला हवा.

आणीबाणीसाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात पोखरलेल्या गुहांमध्ये ५३.३ लाख टन तेलाची साठवण बांधली आहे, साधारण साडेनऊ दिवसांची. तिथली युक्ती फार सुंदर आहे. गुहेला आतून अस्तर नसतं. भोवतालच्या खडकातल्या पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त ठेवतात, त्यामुळे पाणी आत झिरपतं पण तेल बाहेर जात नाही. आत आलेलं पाणी उपसत राहायचं. निसर्गाने जे झाकण लाखो वर्षं सांभाळलं ते माणसाने पाण्याने तयार केलं. साडेनऊ दिवस मात्र मला कमी वाटतात.

तर, या शाखेत जाऊ का? जा. पण "तेलाची नोकरी" म्हणून जाऊ नकोस. खडकातून द्रव कसा वाहतो हे शिकायला जा. इथेनॉल आणि विजेच्या गाड्या वाढतील, वाढायलाच हव्यात. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी बस आपल्या नागपुरातच धावली, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हेही लक्षात ठेव. तुझ्या नोकरीच्या काळात तेलाचा खप उतरणीला लागलेला तू कदाचित बघशील. तरी औषधं, प्लास्टिक, डांबर, विमानं यांना तेल लागत राहील, आणि जुन्या क्षेत्रांतून चार-पाच टक्के अधिक काढणारा माणूस नवं क्षेत्र शोधणाऱ्याएवढाच मोलाचा ठरेल. भूगर्भातली उष्णता, भूजल, जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड साठवणं, सगळीकडे तेच डार्सीचं गणित आहे.

यातल्या शेवटच्या कामात तर आपल्या काळ्या पाषाणाची पाळी येऊ शकते. आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तेव्हा तो खडकातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी जुळून घन कार्बोनेट झाला, बहुतांश दोन वर्षांच्या आत. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचा अभ्यासही याच आशेने होतो आहे. तो किती आणि कुठे स्वीकारेल हे त्याच्या भेगांवर आणि छिद्रांवर ठरणार, आणि ते मोजणारी माणसं लागतील. कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी रोज दिसतात त्या शहरातल्या मुलाला हे काम नुसतं लांबचं वाटू नये.

प्रवेश घ्यायच्या आधी रविवारी सकाळी घरी ये. ओट्यावर दोन दगड ठेवले आहेत, एक कामठीचा वालुकाश्म, एक आपल्याच घराचा पाया खणताना निघालेला काळा पाषाण. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाक आणि घड्याळ लावून बघ कोण किती वेळात पितो. मग बाबांनाही बोलावू आणि बसून बोलू.